टाटा इन्स्टिट्यूट, मॅजेस्टिक आणि आपली बी विंग

सहावी सेम संपली आणि दोन महिन्यांच्या समर प्रोजेक्टसाठी बंगळूरला निघालो. ठिकाण आयआयएससी, म्हणजे कॉलर ताठ! आईने लाडू दिले, सीनियर्सनी यादी दिली. नंदी हिल्स, लालबाग, चर्च स्ट्रीट... ‘हे बघितलं नाहीस तर काय बघितलंस!’ लाडू आठवडाभर पुरले. यादी मात्र माझ्या मते काही कामाची नसते.

उद्यान एक्स्प्रेसमधून उतरलो आणि रिक्षावाल्याला ऐटीत सांगितलं, “आयआयएससी.” तो ढिम्म. तीन वेळा सांगून झालं. शेवटी शेजारच्या एका आजोबांनी सोडवलं, “टाटा इन्स्टिट्यूट म्हणा की!” १९०९ साली स्थापन झालेल्या संस्थेला तिथली जुनी माणसं अजून टाटांच्याच नावाने ओळखतात. पुढे कळलं, तिथे बऱ्याच गोष्टींचं असंच आहे. पाटीवर केंपेगौडा बस स्टँड, लोकांच्या तोंडी मॅजेस्टिक, तेही एका जुन्या थिएटरवरून. मल्लेश्वरममध्ये लोण्याच्या डोशासाठी लोक ‘सीटीआर’ला रांग लावतात, आणि पाटीवर लिहिलेलं असतं ‘श्री सागर’.

पण हे सगळं कळायला दोन आठवडे लागले. कारण तोपर्यंत आम्ही सात मराठी पोरं एकमेकांना सोडतच नव्हतो. एकत्र मेस, एकत्र मॉल आणि एकत्र कुरकुर, ‘सांबारात गूळ घालतात राव!’ हे तर आपल्या हॉस्टेलवरही करता आलं असतं.

तिसऱ्या रविवारी बाकीचे झोपलेले असताना एकटाच बसमध्ये चढलो. कंडक्टरला शंभराची नोट दिली. “चिल्लरे इल्ला!” तो ओरडला आणि तिकिटाच्या मागे काहीतरी खरडून पुढे गेला. मला वाटलं, सही असेल! तिकीट चुरगाळून खिशात टाकलं. रूमवर आल्यावर कळलं की ती माझ्या उरलेल्या पैशांची नोंद होती, उतरताना मागून घ्यायची. पैसे गेले, पण ‘चिल्लरे’ म्हणजे आपली चिल्लर हे डोक्यात बसलं. मग एष्टु (किती), एल्ली (कुठे), साकु (पुरे) असे दहा-बारा शब्द गोळा केले. मेसमधल्या अक्कांना पहिल्यांदा ‘साकु’ म्हटलं तर त्या इतक्या खूश झाल्या की आणखी एक डाव भात वाढला!

मल्लेश्वरम हा १८९८ च्या प्लेगनंतर आखून वसवलेला भाग. सगळीकडे क्रॉस आणि मेन, त्यामुळे हरवायची सोय नाही. तिथल्या काडु मल्लेश्वर मंदिराच्या इतिहासात १६६९ चा शिलालेख आहे आणि त्यातलं दान एकोजीराजांचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाचं. हे मला सांगितलं तिथल्या एका फुलवाल्याने, मोडक्या हिंदीत. इतिहासाच्या पुस्तकात ‘शहाजीराजांची बंगळूरची जहागीर’ पाठ केली होती, पण माझ्या यादीत हे मंदिर नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. परत आलो आणि आपल्या बी विंगमधला आसामचा मित्र भेटला. तीन वर्षं शेजारच्या रूममध्ये राहतो. आपण त्याला ज्या नावाने हाक मारतो ते इथे छापता येणार नाही. मी विचारलं, फर्स्ट इयरला एसटी स्टँड कसा सापडला रे? तो म्हणाला, “पहिल्या रविवारी तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही माझ्या हिंदीवर हसलात.” मला आठवतसुद्धा नव्हतं.

महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलीच पाहिजे, असं कँटीनचं टेबल आपटून सांगणारे आपण! शिकवायला मात्र पाच मिनिटं नाहीत. आणि शिक्षकांनाही विचारावंसं वाटतं, सर, इंडक्शनमध्ये लायब्ररी दाखवता, लॅब दाखवता, मग शहर का नाही? शेअर रिक्षा कुठून मिळते, मंडईत भाव कसा विचारायचा, रात्री-अपरात्री दवाखाना कुठला, हे कोण सांगणार?

रेक्टर सरांकडे अर्ज दिला आहे. नव्या बॅचच्या पहिल्या रविवारी बाहेरच्या राज्यातल्या प्रत्येकाबरोबर इथला एक जण, सिटी बसने गावभर फिरायचं. मेसच्या दाराशी सह्यांचा कागद लावलाय. आत्तापर्यंत सात सह्या झाल्यात, त्यातल्या चार बाहेरच्या राज्यातल्या पोरांच्या आहेत.