पगार पडली, पायरी तशीच

जवळा बाजारला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. डाव्या पायाला पोलिओ, कॅलिपर लावून चालतो. म्हणून आसपासच्या खेड्यांतले दिव्यांग बाकीची दुकानं ओलांडून माझ्याकडं येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मामा, निराधारची पगार कधी पडंल?" त्यानंतर ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी, एसटीची सवलत, यूडीआयडी कार्ड पिवळं आलं की निळं. विचारावंच, हक्काचं आहे. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं तिसरं कलम काय सांगतं, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही.

ते कलम भेदभावाला मनाई करतं. आणि याच कायद्याच्या व्याख्येनुसार वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच आहे. म्हणजे चारचौघांत 'लंगड्या' म्हणून हिणवणं तर गुन्हा आहेच (कलम ९२, सहा महिने ते पाच वर्षं कैद), पण परीक्षेत अंध पोराला लेखनिक न देणं किंवा ऐकू न येणाऱ्या बाईला काउंटरवर दोन ओळी लिहून न दाखवणं हेही भेदभावातच मोडतं.

एका कार्यालयात माझं काम वरच्या मजल्यावर होतं. तिथले साहेब भले, कागद घेऊन स्वतः खाली आले, शिवाय चहा पाजला. पुढं त्यांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, "वर या." माणुसकीची बदली होते, उताराची होत नाही, म्हणून मला उतार (रॅम्प) हवा.

मुंबईत तरी काय वेगळं? ऑक्टोबर २०२३ मध्ये विराली मोदी या व्हीलचेअर वापरणाऱ्या कार्यकर्तीला खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात, स्वतःच्या लग्नाच्या दिवशी, दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं. लिफ्ट नव्हती. कायद्यानुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याच नियमांमधला सुगमतेचा नियम १५(१) रद्द केला, कारण कायदा सक्ती करतो आणि नियम नुसत्या सूचना देत होता. पहिल्या उल्लंघनाला दंड किती, तर जास्तीत जास्त दहा हजार. एवढ्यानं कोण दचकणार?

फॉर्ममध्ये मी दिवसभर अपंगत्वाचे टक्के भरतो. चाळीसच्या खाली आलं की सवलती हुकतात, माणूस रडकुंडीला येतो. पण टक्के दुधारी आहेत. आपल्याच राज्यातल्या ओंकार गोंडला बोलण्याच्या ४४-४५ टक्के अपंगत्वावरून एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नुसत्या टक्क्यावर दार बंद करता येणार नाही; हा मुलगा शिकू शकतो का, ते अपंगत्व तपासणी मंडळानं तपासून कारणांसह सांगावं. ओंकारला जागा मिळाली. तो भांडला म्हणून.

कायद्यात पळवाटही आहे. 'रास्त हेतूसाठी प्रमाणशीर उपाय' होता असं दाखवलं की भेदभाव माफ. हा हेतू रास्त होता की नाही, हे ठरवायला आधी तक्रार तर व्हावी लागते, आणि आपल्याकडं तीच होत नाही. निराधारची पगार बंद पडली की माणूस औंढ्याच्या तहसीलला चार खेपा घालतो. बँकेच्या पायरीपाशी मात्र मुकाट्यानं नातवाला आत धाडतो.

पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयानं काय केलं ते तीन महिन्यांत कळवायचं असतं. तक्रारीसाठी जवळ्याहून पुण्याला जायची गरज नाही, लेखी अर्ज धाडता येतो. माझी मागणी सोपी आहे. समाजकल्याणच्या शिबिरात अनुदानाच्या फॉर्मशेजारी भेदभावाच्या तक्रारीचाही छापील फॉर्म ठेवा, आणि तो भरून द्यायला एक कारकून बसवा. तोवर माझ्या दुकानात तो मिळेल. झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.