भट्टी ऑटोमॅटिक आहे, म्हणे!

तर मंडळी, गेली दोन वर्षं अस्मादिक दर शनिवारी पुण्यातल्या एका पॉटरी क्लासला जातात. आठवडाभर दुसऱ्याच्या कोडमधला चिखल उपसायचा आणि शनिवारी फी भरून खरा चिखल तुडवायचा. हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच! पण आज लिहायचंय ते भट्टीबद्दल. खरं तर भट्टीबद्दलही नाही, 'ऑटोमॅटिक' या शब्दाबद्दल. या शब्दाने माझं डोकं फिरलंय.

झालं असं, की दिवाळीच्या दोन महिने आधी क्लासची इलेक्ट्रिक भट्टी रुसायला लागली. वरच्या फळीवरचे मग चकचकीत आणि खालच्या फळीवरचे खरखरीत. ग्लेझ धड वितळलेलंच नाही. निकाल लगेच लागला: मामांनी भट्टी दाटीवाटीने भरली. (मामा म्हणजे क्लासचे मदतनीस. माती मळण्यापासून भट्टी भरण्यापर्यंत सगळं तेच करतात.) मग कोणीतरी म्हणालं, थर्मोकपल बदलून बघा. बदललं. फरक शून्य.

पुढचा प्रकार दिवाळीच्या तोंडावर. १२२२ अंशांना भट्टी आपोआप बंद व्हायची, ती झालीच नाही. सकाळी मामांनी येऊन मेन स्विच पाडला तेव्हा आत नुसता पांढरा उजेड! थंड झाल्यावर उघडली तर मग वाकलेले आणि ग्लेझ ओघळून फळ्यांना चिकटलेलं. सगळ्यांची दिवाळीची भांडी गेली. पुन्हा तोच निकाल: मामा लवकर घरी गेले. त्यांच्या पगारातून दोन हजार कापायचं ठरलं. ताई, म्हणजे क्लासच्या मालकीणबाई, वाईट नाहीत. पण नुकसान झालं होतं आणि भट्टी तर ऑटोमॅटिक! मग चूक माणसाचीच असणार ना? आम्ही दहा-बारा जण, सगळे शिकलेसवरलेले, माना डोलावून मोकळे झालो. मीसुद्धा.

जाताना मामा एवढंच म्हणाले, "दादा, पडद्यावर पूर्ण झालं असं आलं, तेव्हाच मी निघालो. शेवटची बस होती."

च्यायला, हे मात्र लागलं. ऑफिसात स्क्रीनवर 'यशस्वी' आलं आणि साइट झोपलेली असली, तर आपण वॉचमनचा पगार कापतो का? लॉग बघतो. मग इथे काय बघितलं आपण? काहीही नाही.

रविवारी ताईंची परवानगी काढली, थ्री फेजची कामं करणारा एक इलेक्ट्रिशियन पकडला आणि मीटर लावून बसलो. भट्टी नऊ किलोवॉटची. तीन कड्या, प्रत्येक कडी एका फेजवर, म्हणजे कडीला तीन किलोवॉट. २३० व्होल्टला हिशोब केला तर प्रत्येक कडीचा रोध साधारण १७.६ ओहम हवा. लाइन पूर्ण तोडून, भट्टी थंड असताना मोजलं. वरच्या दोन ठीक. खालची? २०.५. एलिमेंटची तार जुनी झाली की तिचा रोध वाढतो आणि रोध वाढला की उष्णता घटते. तीनऐवजी जेमतेम २.६ किलोवॉट. खालची फळी कच्ची राहील नाही तर काय!

याच माळेतला दुसरा मणी म्हणजे व्होल्टेज. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. भट्टी चालू असताना २३० चे २०० झाले, तर शक्ती १३ नाही, तब्बल २४ टक्के घटते. आणि आपल्याकडे एखादी फेज जाणं म्हणजे घरचं कार्य! या भट्टीत एक फेज गेली की एक कडी मेली. मामा दाटीने भरतात हा आरोप अगदीच खोटा नाही. फळ्यांमध्ये जागा हवीच, कारण वरच्या तापमानाला उष्णता मुख्यतः किरणांनी पोचते आणि मध्ये आलेलं भांडं सावली पाडतं. पण ते मोजून झाल्यावर बोलायचं, आधी नाही.

आता बंद न होण्याचं. कंट्रोलर स्वतः वीज तोडत नाही. तो कॉन्टॅक्टरला सांगतो, कॉन्टॅक्टर तोडतो. कॉइलला वीज नसताना कॉन्टॅक्टरच्या दोन टोकांमध्ये मीटरने अनंत रोध दाखवायला हवा. आमच्याकडे जवळपास शून्य. आतले संपर्क ठिणग्या खाऊन खाऊन एकमेकांना चिकटले होते. कंट्रोलर प्रामाणिकपणे 'पूर्ण' म्हणत होता आणि भट्टी बिनधास्त तापत होती. तुम्ही म्हणाल, सॉलिड स्टेट रिले लावा. लावा की! पण तोही बिघडला, की बहुतेक वेळा चालू स्थितीतच अडकतो.

थोडक्यात काय, तुमचं 'ऑटोमॅटिक' म्हणजे भिंतीतल्या एका टोकावरचा एक थर्मोकपल आणि एक स्विच. थर्मोकपल जरा बाहेर सरकला किंवा जुना होऊन कमी दाखवायला लागला, तरी तुम्ही जास्तच भाजणार. शिवाय भांड्याला नुसतं तापमान कळत नाही, ते किती वेळ सोसलं हेही कळतं. म्हणून पायरोमेट्रिक कोन असतात (भूमितीतले नव्हेत, मातीचे छोटे सुळके). शेवटच्या टप्प्यात तासाला ६० अंशांनी चढवलं, तर सहा नंबरचा कोन १२२२ च्या आसपास वाकतो. १५० अंशांनी चढवलं तर १२४३ लागतात. जर्मनीत हर्मान झेगरने हे सुळके १८८६ मध्ये आणले. वर, मध्ये, खाली एकेक ठेवा, कुठे किती भाजलं ते सुळके सांगतील. एवढी जुनी, एवढी स्वस्त गोष्ट आमच्या कपाटात खोक्यात बंद होती. का? तर भट्टी ऑटोमॅटिक आहे!

गोरोबाकाकांची गोष्ट आठवते? संतमंडळींची डोकी एकेक करून थापटण्याने वाजवून पाहिली, मग कच्चं मडकं कोणतं ते सांगितलं. आधी ठोकून बघितलं, मग निकाल. आम्ही आधी निकाल दिला आणि तोही ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्याविरुद्ध.

असो. आता खालची कडी नवी आहे, कॉन्टॅक्टर नवा आहे आणि त्याच्या पुढे दुसरा कॉन्टॅक्टर आहे, वेगळ्या थर्मोकपलवर चालणारा, पहिला अडकला तर वीज तोडणारा. शेवटच्या तासाला आम्ही पाळीपाळीने थांबतो आणि तापमान उतरायला लागलेलं बघून मेन स्विच पाडूनच निघतो. मामा बस पकडतात. ताईंनी त्यांचे दोन हजार परत दिले. माना डोलावणाऱ्यांपैकी कोणी काही बोललं नाही. काल मी जाऊन माफी मागितली.

मामा म्हणाले, "असू द्या दादा. फळ्यांवरचं ग्लेझ अजून घासायचं राहिलंय, तेवढं करू लागा."

दोन तास घासत होतो. ते काही ऑटोमॅटिक निघत नाही.