डब्याला स्टेनलेस, मोटारीला जस्त

पावसाळा सरला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या गॅरेजांत एकच दुखणे घेऊन गाड्या येऊ लागतात. दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड आलेला असतो आणि नखाने खरवडला की आतून तपकिरी भुगा पडतो. गाडी आठ-दहा वर्षांची, इंजिन ठणठणीत, पत्रा मात्र कुरतडल्यासारखा. अशा वेळी मालकाच्या तोंडून निघणारा प्रश्न रास्तच असतो. स्वयंपाकघरातली भांडी पिढ्यानपिढ्या लखलखीत राहतात, मग गाड्या स्टेनलेसच्या का करत नाहीत? टेस्लाचा ‘सायबरट्रक’ नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस ग्राहकांच्या हाती पडू लागला, तेव्हापासून तर हा प्रश्न जास्तच विचारला जातो. करता येतात, पण करू नयेत, हे त्याचे उत्तर.

स्टेनलेस वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ठाणे-कल्याणवरून रोज धावणारी डेक्कन क्वीन २२ जून २०२२ पासून ज्या एलएचबी डब्यांची झाली, त्यांचा सांगाडा मुख्यतः स्टेनलेस स्टीलचाच आहे. जुन्या आयसीएफ डब्यांचे आयुष्य रेल्वे २५ वर्षे धरत असे, एलएचबीचे ३५ वर्षे धरते. अनेक मेट्रोंचे डबेही स्टेनलेसचे असतात. रेल्वेला ही धातू परवडते, कारण डबा दिवसरात्र धावतो, त्याची देखभाल ठरलेल्या कारखान्यांत प्रशिक्षित माणसे करतात आणि त्याचा आकार म्हणजे जवळजवळ सरळ पेटी. सुरुवातीचा जादा खर्च तीन-साडेतीन दशकांवर पसरतो.

या संदर्भात अमेरिकेतल्या एडवर्ड बड यांच्या कंपनीची गोष्ट बोलकी आहे. मोटारींचे संपूर्ण पोलादी सांगाडे दाबून बनवण्यात ही कंपनी अग्रेसर होती. डॉजसारखे मोठे मोटार उत्पादक तिचे ग्राहक होते. १९३४ मध्ये तिने स्टेनलेसची ‘झेफिर’ ही रेल्वेगाडी तयार केली आणि पुढे अशा शेकडो डब्यांवर नाव कमावले. मोटारीचा पत्रा कसा दाबायचा आणि स्टेनलेस कसे जोडायचे, ही दोन्ही कौशल्ये ज्या घरात होती, त्या घराने स्टेनलेस रेल्वेला दिले आणि मोटारी साध्या पोलादाच्याच करत राहिले.

असे का, हे कळण्यासाठी धातूचा स्वभाव पाहावा लागतो. पोलादात साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असले की त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप तयार होतो. ओरखडा उठला तरी हवेतल्या प्राणवायूच्या साह्याने तो पुन्हा भरून येतो. भांड्यांचे लोकप्रिय ‘३०४’ स्टील म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. पण या थराचा एक वैरी आहे, क्लोराइड, म्हणजे आपले मीठ. लोणचे स्टीलच्या डब्यात न भरता चिनी मातीच्या बरणीत भरण्यामागचे शहाणपण हेच. मीठ आणि आंबटपणा एकत्र आले की या थराला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात आणि गंज आत उतरतो. सायबरट्रकच्या काही मालकांना काही महिन्यांतच पृष्ठभागावर नारिंगी ठिपके दिसले. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, मेलेले किडे ताबडतोब पुसून काढा, अशी सूचना त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतच आहे. उघड्यावर, पिंपळाखाली गाडी लावणाऱ्या सोसायट्यांत ही सूचना कोण पाळणार?

त्यात डोंबिवलीची हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातली ४३ औद्योगिक क्षेत्रे अतिप्रदूषित ठरवली, त्यांत डोंबिवली होती. रासायनिक कारखान्यांच्या आसपासच्या आम्लधर्मी हवेत साध्या पोलादापेक्षा स्टेनलेस नक्कीच जास्त टिकेल, हे मान्य करायला हवे. पण ‘गंज चढतच नाही’ हे आश्वासन तिथे टिकणार नाही. त्यासाठी मॉलिब्डेनम घातलेले आणखी महाग स्टील लागेल.

खरी अडचण पुढची आहे. मोटारीचा बाहेरचा पत्रा सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीचा असतो आणि साच्यात दाबून त्याला वळणे दिली जातात. ३०४ जातीचे स्टेनलेस दाबताना कडक होत जाते, दाब काढला की उसळी मारून मागे येते आणि साच्यांची झीज वाढवते. सायबरट्रकचे कागद दुमडल्यासारखे सपाट रूप ही निव्वळ आवड नाही. त्याचे इतके कडक स्टील साच्यात दाबून गोलाईदार करणे व्यवहार्य नव्हते. शिवाय जोडकाम करताना हे स्टील साध्या पोलादापेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावते आणि उष्णता मात्र हळू वाहू देते, त्यामुळे पत्रा वाकडा होतो. वजनातही फायदा नाही, दोघांची घनता जवळजवळ सारखी. किंमत किलोमागे साधारण तिप्पट.

आणि पोचा आला तर? आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंग म्हणजे पत्रा ठोकायचा, पुट्टी भरायची, घासायची, वर रंग. घोडबंदर रोडवर रिक्षाने दार घासले तरी संध्याकाळपर्यंत काम होते. ज्या गाडीला रंगच नाही तिथे पुट्टी लपवायची कशाखाली? पूर्ण पत्राच बदलावा लागतो.

स्टेनलेस मोटारीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण, १९८१ ते १९८३ या काळात उत्तर आयर्लंडमध्ये बनलेली ‘डीलोरियन’, याहून मोठा धडा देते. सुमारे नऊ हजार गाड्या निघाल्या. बाहेरचे पत्रे ३०४ स्टीलचे आणि आजही बऱ्याच गाड्यांवर ते चमकतात. पण खालचा कणा मात्र साध्या पोलादाचा, वरून इपॉक्सीचा लेप दिलेला. लेप तडकला तिथे पाणी शिरले आणि अनेक गाड्यांची वरची त्वचा शाबूत असताना कणा गंजला. दोन वेगळ्या धातू ओलाव्यात एकमेकींना चिकटून राहिल्या तर त्यांतली दुबळी आधी झिजते, हेही इथे लक्षात ठेवायचे. स्टेनलेसच्या पत्र्याला साध्या पोलादाचा कंस जोडला तर कंस नेहमीपेक्षा लवकर खलास.

मोटारीतला धोकादायक गंज दारावर नसतोच, तो खाली असतो. दारांखालचे पोकळ तुळईसारखे भाग, सस्पेन्शन जिथे बसते ते सांधे, सीटबेल्ट जिथे बांधलेला असतो ती जागा. अपघातात माणसाला वाचवणारे भाग हेच. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महिनोन्‌महिने हवा दमट असते आणि उल्हास नदीकाठच्या वस्त्यांमध्ये गाड्या कधी कधी चिखलाच्या पाण्यात बुडतात. दारांच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने, पाल्याने बुजली की पाणी आतच साचते आणि पत्रा आतून बाहेर सडतो. बाहेर दिसणारा फोड ही शेवटची अवस्था. गाडी धुताना ही भोके मोकळी करणे, हा फुकटचा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. उलट पैसे मोजून केलेले ‘अंडरबॉडी कोटिंग’ ओल्या चिखलावर किंवा आधीच्या गंजावर फासले आणि त्यात ही भोकेही बुजवली, तर रोग झाकून वाढवला असेच म्हणावे लागेल.

मोटारउद्योगाने यावर शोधलेले उत्तर फारसे देखणे नाही, पण चांगले आहे. ते म्हणजे जस्त. जस्त चढवलेल्या पत्र्यावर ओरखडा आला तर आधी जस्त झिजते आणि लोखंडाला वाचवते. १९८५ मध्ये आउडीने आपल्या ‘१००’ या गाडीचा संपूर्ण सांगाडा असा केला. त्यावर विजेच्या साह्याने, टाकीत बुडवून दिलेला प्रायमर, सांध्यांत सीलंट, पोकळ भागांत मेण. युरोपात पत्रा गंजून आरपार जाण्याविरुद्ध अनेक कंपन्या बारा वर्षांपर्यंतची हमी देतात. आपल्याकडे ग्राहक सनरूफ आणि स्क्रीनची लांबी विचारतो. पत्र्याचा किती भाग जस्ताचा आहे आणि गंजाची हमी लेखी किती वर्षांची, हे शोरूममध्ये सहसा कोणी विचारत नाही.

स्टेनलेसच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. मोटार कारखान्यात सर्वाधिक ऊर्जा खाणाऱ्या विभागांपैकी एक म्हणजे रंगशाळा, आणि तिथली द्रावकांची वाफ कामगारांच्या आणि परिसराच्या आरोग्याला घातक. रंगच नको म्हटले की हे सगळे टळते. पण त्या जागी दुसरा धूर येतो. स्टेनलेसच्या वेल्डिंगच्या धुरात सहा संयुजेचे क्रोमियम असू शकते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणारे म्हणून पहिल्या गटात टाकलेले आहे. २०१७ मध्ये सर्वच वेल्डिंगच्या धुराला तिने याच गटात नेले. कारखान्यात यंत्रमानव हे काम बंदिस्त जागेत करील. दुरुस्ती मात्र होणार गल्लीतल्या गाळ्यात, जिथे स्टेनलेसची रेलिंग जोडणारी पोरे आजही फक्त काळा चष्मा लावून, नाकाला रुमालही न बांधता बसलेली दिसतात. रस्त्यावरच्या माणसाचाही विचार हवा. पायी चालणाऱ्याचे डोके आदळले तर बॉनेटचा पत्रा दबावा, अशी आजच्या मोटारीची रचना असते. जिथे पदपथ फेरीवाल्यांनी आणि दुचाक्यांनी भरलेले आहेत आणि माणसे रस्त्यावरूनच चालतात, तिथे जाड, कडक, कोनदार पत्र्याची गाडी नकोच.

तरीही रस्त्यावर स्टेनलेसला एक जागा आहे, ती बसमध्ये. बसचा सांगाडा चौकोनी नळ्यांचा असतो, त्याला गोलाई लागत नाही, आणि बस आगारात देखभालीला परत येते. पोलंडच्या सोलारिस कंपनीच्या शहरी बसचे सांगाडे कमी निकेलच्या, म्हणून स्वस्त पडणाऱ्या स्टेनलेसचे असतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या परिवहन सेवांनी नव्या विजेच्या बसच्या निविदा काढताना बॅटरीबरोबर सांगाड्याच्या धातूचाही रकाना ठेवला, तर पैशाचे चीज होईल. नाहीतर बॅटरी बदलण्याची वेळ येईपर्यंत खालचा सांगाडाच भंगारात जायचा.

खासगी मोटारीसाठी मागणी वेगळी हवी. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासली जाते. ब्रिटनमधल्या वार्षिक तपासणीत सीटबेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग यांच्या बांधणीपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून लक्षणीय दुबळा झाला असेल तर गाडी नापास होते. दार कितीही गंजलेले असो, त्याला तेवढे महत्त्व नाही. ठाण्याच्या एमएच-०४ आणि कल्याणच्या एमएच-०५ गाड्यांसाठी असाच नियम हवा, आणि तोही पंधरा वर्षे वाट न पाहता, गाडीची मालकी बदलताना. कल्याण-डोंबिवलीत पहिली गाडी म्हणून जुनी गाडी घेणारी कुटुंबे पुष्कळ. घेण्याआधी ती लिफ्टवर चढवायची, जॅक लावण्याच्या जागा आणि दारांखालच्या तुळया पान्याच्या मुठीने ठोकून पाहायच्या. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, किंवा नव्याकोऱ्या काळ्या लेपाखाली काहीच दिसेना, तर किंमत कितीही घासून मिळत असली तरी गाडी तिथेच सोडून यायची.