वारसा कोणाचा, गुन्हा कोणाचा?

पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या काठी असलेले खराडी हे गाव १९९७ साली महापालिकेच्या हद्दीत आले. ज्या शिवारात पूर्वी शेती होत असे तेथे आज संगणक कंपन्यांचे काचेचे मनोरे उभे आहेत. या मनोऱ्यांत काम करणाऱ्या वर्गाच्या सुटीच्या कल्पनाही नव्या आहेत. मागच्या पिढीतील मध्यमवर्गीय कुटुंब सुटीत महाबळेश्वर गाठी, नाही तर देवदर्शनाला जाई. आजचे कुटुंब नाशिकचे द्राक्षमद्याचे कारखाने पाहते, गोव्यात फेणीची भट्टी पाहते. आणि ज्याची ऐपत अधिक तो थेट मेक्सिकोत जाऊन घायपाताचे मद्य गाळणारी खेड्यातील पारंपरिक भट्टी पाहून येतो. दारू गाळण्याची जागा हे सहकुटुंब पाहण्याचे स्थळ झाले, हा बदल लहान नाही.

त्यावर नाक मुरडण्याचेही कारण नाही. कष्टकऱ्याचे कसब जवळून पाहावे असे शहरी माणसाला वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु या कौतुकाच्या मुळाशी एक विसंगती आहे आणि समाजवादी कार्यकर्त्याने तिचा विचार केला पाहिजे. मेक्सिकोतील गावकऱ्याची भट्टी ज्या सुशिक्षिताला मानवजातीचा वारसा वाटते, त्याच्याच राज्यात गोंड किंवा कातकरी स्त्रीच्या भट्टीवर पोलिसांची धाड पडते, मडकी फुटतात, गुन्हा नोंदवला जातो. दोन्हीकडे झाड रानचे, कसब पिढीजात, रीत जवळजवळ एकच. मग एकाला वारसा आणि दुसऱ्याला गुन्हा ठरवणारी शक्ती कोणती?

प्रथम मेक्सिकोचे उदाहरण तपासू. तेथील निळ्या घायपाताचे पीक तयार व्हायला साधारण सहा ते आठ वर्षे लागतात. लांब दांड्याच्या धारदार हत्याराने मजूर त्याची काटेरी पाने छाटतो आणि अननसासारखा दिसणारा मधला जड गड्डा मोकळा करतो. ओअहाका प्रांतातील खेड्यांत हे गड्डे जमिनीत खोदलेल्या, दगड तापवलेल्या खड्ड्यात काही दिवस भाजतात, खेचराने ओढलेल्या दगडी चाकाखाली चिरडतात, लाकडी पिंपांत आंबवतात आणि तांब्याच्या वा मातीच्या भांड्यांतून गाळतात. हे मेस्काल. हालिस्को प्रांतातील टकीला गावाच्या परिसरात निळ्या घायपातापासून होते ते टकीला. प्रवाशाला हे सारे दाखवले जाते, आणि ते पाहण्यासारखे आहेही.

जे दाखवले जात नाही ते अर्थशास्त्राचे आहे. अठराव्या शतकात स्पॅनिश राजसत्तेने स्पेनच्या मद्यव्यापाराच्या रक्षणासाठी या स्थानिक मद्यावर बंदी घातली होती. पुढे १७९५ साली परवाना मिळाला तो क्वेर्वो या जमीनदार घराण्याला. १९७४ साली मेक्सिको सरकारने टकीला या नावाला भौगोलिक संरक्षण दिले, १९९४ साली मेस्कालला दिले, आणि २००६ साली टकीला परिसरातील घायपाताच्या मळ्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. नाव असे सुरक्षित झाले. नावाचा मालक मात्र बदलत गेला. २०१७ साली डियाजिओ या ब्रिटिश कंपनीने एक टकीला नाममुद्रा सुमारे शंभर कोटी डॉलरपर्यंतच्या किमतीस घेतली, तर २०१८ साली बकार्डी कंपनीने आणखी एक मोठी नाममुद्रा आपल्या ताब्यात आणली. इकडे शेतकऱ्याची गत काय? घायपाताचा भाव चढला की सारे लागवड करतात, सात वर्षांनी पीक एकदम बाजारात येते आणि भाव कोसळतो. किलोला तीस पेसोंच्या आसपास चढलेला भाव २०२४ पर्यंत एक आकडी झाला. लासलगावच्या कांदा उत्पादकाला या चक्राचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. ओअहाकातील कित्येक लहान भट्टीवाल्यांना तर प्रमाणपत्राचा खर्चच झेपत नाही. म्हणून आपल्या आजोबांनी ज्याला मेस्काल म्हटले त्याला मेस्काल म्हणण्याचा हक्क त्यांना उरत नाही. बाटलीवर ‘घायपाताचे मद्य’ एवढेच लिहावे लागते. भौगोलिक नाव भूमीचे रक्षण करते, भूमिपुत्राचे करतेच असे नाही.

घायपात महाराष्ट्राला अनोळखी नाही. अमेरिका खंडातून आलेली ही वनस्पती दख्खनच्या माळावर, शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला कुंपण म्हणून रुजली. तिच्या जातभाईला ग्रामीण महाराष्ट्र केकताड म्हणून ओळखतो. पाने पाण्यात कुजवून, ठेचून, त्यांचे तंतू काढून दोर वळण्याचे काम गावगाड्याने मातंग समाजाकडे दिले होते. दुसऱ्याच्या बैलाला वेसण, दुसऱ्याच्या विहिरीला नाडा, आणि मोबदल्यात खळ्यावरचे बलुते! नायलॉनचा दोर आला, धंदा बुडाला आणि कुंपणाचे घायपात बेवारशी उभे राहिले. आता त्याच घायपातापासून भारतातही मद्य निघू लागले आहे. आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात डेस्मंड नाझरेथ यांनी असा लहान कारखाना काढला आणि २०११ पासून त्याचे मद्य गोव्याच्या बाजारात आले. उद्योजकाच्या कल्पकतेला दाद दिली पाहिजे. तथापि, ज्या हातांनी ही वनस्पती दीडशे वर्षे कापली, कुजवली आणि वळली त्या हातांचा या नव्या मूल्यात वाटा किती, हा प्रश्न शिल्लक राहतो.

घायपात हे फार तर उपरे झाड. खरा इतिहास मोहाचा आहे. चैत्राच्या सुमारास पहाटे गळणारी मोहाची फुले वेचणे हे ठाण्यापासून गडचिरोलीपर्यंत आदिवासी स्त्रियांचे काम. फूल वाळवून ठेवले की ते पावसाळ्यातील अन्न होते, औषध होते, देवाचा नैवेद्य होते आणि मद्यही होते. इंग्रज सरकारची दृष्टी यांतील केवळ शेवटच्या उपयोगावर पडली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद करून मद्य गाळण्याचा अधिकार मोठ्या मक्तेदारांच्या हाती एकवटला. उरणच्या दारूकारखान्यांची भरभराट झाली आणि आदिवासीला आपल्याच झाडाचे मद्य मक्तेदाराच्या दुकानातून विकत घ्यावे लागले. एवढ्यानेही भागेना, तेव्हा १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावरच बंधने आली. झाडाखाली पडलेले फूल वेचणे हाच गुन्हा! महसुलाची भूक नीतीचा वेष कसा धारण करते याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

स्वराज्यात हे बदलायला हवे होते. १९४९ चा दारूबंदी कायदा आला, त्यामागील हेतू निःसंशय थोर होता. परंतु पुढील दशकांत ही बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली, ती कोणासाठी? १९७३ च्या नियमांनी ‘देशी मद्य’ अधिकृत झाले, आणि हे देशी मद्य तयार होते ते साखर कारखान्यांच्या मळीतून निघालेल्या मद्यार्कापासून. म्हणजे कारखान्याच्या मळीला परवाना, आदिवासीच्या मोहाला धाड. २००१ च्या धोरणाने द्राक्षमद्याला सवलती मिळाल्या, कारण द्राक्षबागाईतदाराचा आवाज मंत्रालयात पोहोचतो. आज राज्याला मद्यावरील करातून वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळते. मद्याशी राज्यसंस्थेचे वैर नाही, हे या आकड्यावरूनच दिसते. तिचे वैर आहे ते परवाना विकत घेऊ न शकणाऱ्या माणसाशी.

अलीकडे वारे फिरले आहे. २०२१ साली मोहफुले गोळा करणे, साठवणे व वाहून नेणे यांवरील बंधने राज्य सरकारने उठवली. २०२२ साली मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की मोहफुले, काजूबोंडे इत्यादींपासून होणाऱ्या मद्याला देशीऐवजी विदेशी मद्याचा दर्जा द्यावा. या निर्णयातील विनोद क्रूर आहे. सातपुड्यापासून इंद्रावतीपर्यंत ज्याच्याइतके देशी काही नाही, त्या मोहाला प्रतिष्ठा मिळण्यासाठी ‘विदेशी’ व्हावे लागले! हेतू चांगला असेलही. परंतु विदेशी मद्याचा दर्जा म्हणजे त्या दर्जाचा परवाना, त्या दर्जाचे भांडवल आणि त्या दर्जाची बाटली. २०२० साली केंद्र सरकारने वाळलेल्या मोहफुलाचा आधारभाव किलोला तीस रुपये ठरवला होता. महानगरातील दुकानात मोहाची बाटली ज्या किमतीला विकली जाईल तिच्याशेजारी हे तीस रुपये ठेवून पाहावेत.

तेरेखोल नदीच्या दोन तीरांवर हीच कथा वेगळ्या रूपात दिसते. पोर्तुगीजांनी आणलेल्या काजूचे बोंड नदीपलीकडे गोव्यात तुडवले जाते, रस आंबवला जातो, पहिल्या धारेचे हुर्राक आणि पुढच्या गाळणीची फेणी होते. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा-मद्य म्हणून गौरवले. नदीच्या अलीकडे सिंधुदुर्गात बी काढून घेतल्यावर तेच बोंड झाडाखाली कुजत पडते, नाही तर मिळेल त्या भावाने पलीकडे जाते. अर्थात गोव्याचेही सारे आलबेल नाही. तेथे भट्ट्यांचे विभाग दरवर्षी लिलावाने दिले जातात, आणि लिलावात बोली लावणारा आणि बोंड तुडवणारा हा एकच माणूस असेल असे नाही. तरीही कसबाला कायद्याची छाया आहे, एवढा फरक कष्टकऱ्याच्या आयुष्यात मोलाचा ठरतो.

येथे चळवळीतील साथी, विशेषतः स्त्रिया, रास्त आक्षेप घेतील. दारूने संसार उद्ध्वस्त होतात. मग मोहाचे असो की मळीचे, मद्याचे गोडवे कशाला? या आक्षेपामागे मोठी परंपरा आहे. जोतीराव फुले यांनी १८८० साली पुण्यातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध नगरपालिकेला लेखी निषेध कळवला होता. १९२२ च्या देवी चळवळीत आदिवासींनी दारू-ताडी सोडली आणि मक्तेदाराच्या दुकानावर बहिष्कार टाकला. १९७० नंतर शहाद्याच्या आदिवासी स्त्रियांनी गुत्त्यांवर मोर्चे नेले. १९९३ पासून गडचिरोलीत दारूबंदी आहे ती लोकलढ्यातून. या परंपरेचा अवमान करून कोणतीही डावी भूमिका उभी राहू शकत नाही.

परंतु हीच परंपरा नीट वाचली तर तिचा गाभा ध्यानात येतो. फुल्यांचा निषेध सरकारने वाढू दिलेल्या दुकानदारीला होता. देवी चळवळीने शिपायाच्या दंडुक्याची वाट पाहिली नाही. निर्णय समाजाने घेतला. बंदीचा निर्णय लोकांचा असतो तेव्हा तो मुक्तीचे साधन होतो; वरून लादला जातो तेव्हा तो हप्त्याचे साधन होतो. २०१५ साली मालाड-मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक गरिबांचा बळी गेला. ती दारू मोहाची नव्हती. मिथेनॉल या औद्योगिक रसायनाचे ते विष होते. गावचे कसब गाडले गेले म्हणून शहरातील तहान थांबली नाही, ती गुन्हेगारांच्या हाती गेली.

यावर उपाय शोधण्यासाठी दूर जायला नको. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला दोन अधिकार एकत्र दिले आहेत: गौण वनोपजाची मालकी, आणि मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार. २००६ च्या वनाधिकार कायद्याने मालकीचा हा हक्क अधिक पक्का केला. हे दोन अधिकार एकाच हाती असणे यात मोठे शहाणपण आहे. ज्याला नाही म्हणता येते त्याच्याच होकाराला किंमत असते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने जंगलावरील सामूहिक हक्क मिळवून आपला बांबू आपण विकला; त्याच गावाने दारूबाबतचा निर्णयही ग्रामसभेतच घेतला.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. मोह आणि काजूबोंडाच्या मद्याचे परवाने प्रथम ग्रामसभांना आणि वेचणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्थांना मिळावेत, आणि परवान्याचे शुल्क त्यांच्या ऐपतीचे असावे. शुद्धतेची तपासणी सरकारने स्वखर्चाने गावात करावी. नावाचे मानांकन संस्थेच्या मालकीचे राहावे, कंपनीला विकता येऊ नये. गावातील स्त्रियांनी बहुमताने नको म्हटले तर भट्टी, दुकान आणि पर्यटन या तिन्हींना तो निर्णय बंधनकारक असावा. आणि घरगुती गरजेपुरती मोहफुले बाळगणाऱ्या आदिवासींवरील खटले मागे घेतले जावेत.

हे झाले तर शहरातील प्रवाशाने भट्टी पाहायला अवश्य यावे. त्याला तेथे गरिबीचे प्रदर्शन दिसणार नाही. आपल्या झाडाची, आपल्या कसबाची आणि आपल्या निर्णयाची मालक असलेली माणसे दिसतील. हे न होता केवळ पाहुण्यांसाठी भट्ट्या सजवल्या, तर १८७८ चा मक्तेदार नव्या पोशाखात परत येईल आणि मोहाचे फूल वेचणारी स्त्री पुन्हा तीस रुपये किलोवरच उभी राहील. मोहाचा पुढचा हंगाम येण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी हा विषय ग्रामसभांच्या पुढे न्यावा.