समुद्राची घडवंची

शतपथब्राह्मणांत मनूची एक कथा आहे. प्रातःकाळीं हात धुण्यासाठीं आणलेल्या पाण्यांत एक इवलासा मासा त्याच्या हातीं लागतो. तो आपलें पालन करण्याची विनंती करतो आणि त्याच्या मोबदल्यांत पुढें येणाऱ्या महापुरांतून मनूला तारण्याचें वचन देतो. मनु त्याला प्रथम कुंभांत ठेवतो. तो वाढला म्हणजे खड्डा खणून त्यांत सोडतो. आणि तीही जागा अपुरी पडली तेव्हां समुद्रांत नेऊन पोंचवितो. ह्या कथेंतील नौकेकडे सर्वांचें लक्ष जातें. घरीं मासे पाळूं पाहणाऱ्यानें मात्र त्या कुंभाकडे आणि खड्ड्याकडे पाहावें. मासा ओंजळींत घेतला त्याच क्षणीं त्याच्या पुढील जागेची चिंताही मनूच्या पदरांत पडली होती.

हें आठवण्याचें कारण असें कीं, कांचेच्या पेटींत समुद्रांतील मासे व खडक ठेवण्याची हौस अलीकडे आपल्या घरांतूनही दिसूं लागली आहे. आमच्या पंधरा वर्षांच्या नातवानें ती बोलून दाखविली. तासगांव पडलें समुद्रापासून दूर, मध्यें सह्याद्रि उभा; गांवाची ख्याति द्राक्षांची व बेदाण्याची. तरीही ही गोष्ट येथें अशक्य नाहीं. समुद्राचें पाणी दूरच्यांना कोठून मिळावें हा प्रश्न लंडनकरांनाही पडला होता. तेथील प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं मत्स्यगृह उघडलें, आणि त्याच सुमारास फिलिप गॉस ह्या निसर्गशास्त्रज्ञानें गोड्या पाण्यांत क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल सिद्ध केलें. आज तयार मिश्रण विकत मिळतें. मात्र कामाचा क्रम मोडूं नये: आधीं आधार, मग पाणी, मग काळ, आणि जीव सर्वांत शेवटीं.

प्रथम आधाराचा विचार करूं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी पेटी धरली, तर तिचें घनफळ पावणेसात घनफूट, म्हणजे सुमारें १९० लिटर होतें. समुद्राचें पाणी साध्या पाण्याहून शेंकडा अडीच भागांनीं जड. तेव्हां एकट्या पाण्याचेंच वजन १९५ किलोंच्या घरांत जातें. दहा मिलिमीटर जाडीची कांच सुमारें ४० किलो, आणि वर खडक व वाळू. एकूण भार पावणेतीन क्विंटलांच्या आसपास; जुन्या मापानें सात मणांहून अधिक. हा भार रात्रंदिवस एकाच जागीं उभा राहावयाचा असतो. म्हणून शोभेचें मेज येथें उपयोगाचें नाहीं, आणि जुन्या वाड्याच्या माडीवर ही पेटी कदापि चढवूं नये. तळमजला, भक्कम फरशी आणि ऊन न पोंचणारी भिंत पाहावी. माजघर ह्या कामीं उत्तम.

पाण्याचे हंडे ठेवण्यासाठीं आपल्या घरीं घडवंची असे. पेटीचा आधार ही तिचीच थोरली बहीण समजावी. आमच्या नातवानें गांवांतील सुताराच्या हाताखालीं बसून ती स्वतः केली. सागवानाचे तीन इंची पाय, वर एक चौकट, खालीं एक चौकट, एवढीच रचना. तींत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, वरच्या चौकटीचीं लांकडें पायांच्या अंगाला खिळ्यांनीं ठोकूं नयेत. तीं पायांच्या माथ्यावर बसवावीं. अंगाला ठोकलीं तर सारा भार खिळ्यांवर लोंबतो; माथ्यावर बसविलीं तर तो लांकडांतून सरळ जमिनींत उतरतो. देवळाच्या खांबावर तुळई असते ती ह्याच न्यायानें. घडवंची बाजूला झुलूं नये म्हणून मागें एक तिरपी पट्टी द्यावी.

चौकट काटकोनांत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं गुण्या पुरतो. परंतु मुलांना येथें बौधायनाच्या शुल्बसूत्राची ओळख अवश्य करून द्यावी. आयताच्या कर्णावरील चौरस हा दोन्ही बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हें तेथें यज्ञवेदीच्या मोजणीसाठीं सांगितलें आहे. आपल्या चौकटीच्या बाजू ३६ व १८ इंच. वर्गांची बेरीज १६२०. म्हणून कर्ण सव्वाचाळीस इंच भरला पाहिजे. दोरीनें दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे आले, तर वर्गांत पाठ केलेला सिद्धांत हातानें सिद्ध झाला. नंतर पाणसळ लावून माथा समपातळींत आणावा, कारण पेटी एका अंगाला कलली किंवा तिला पीळ बसला तर कांचेच्या सांध्यांवर विषम ताण येतो. स्क्रू पितळेचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे घ्यावे, आणि खाऱ्या तुषारांपासून रक्षण म्हणून तेलरंगाचे तीन हात द्यावे.

आतां पाणी. स्वयंपाकघरांतील मिठानें समुद्र होत नाहीं. समुद्रांतील क्षारांपैकीं शंभरांत सुमारें पंच्याऐंशीं भाग आपलें नेहमींचें मीठ असलें, तरी उरलेल्या पंधरांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादि द्रव्यें असतात आणि जीवांना तींही हवीं असतात. दर लिटरला ३५ ग्रॅम मिश्रण ह्या हिशेबानें १५० लिटरांस सव्वापांच किलो लागेल. विहिरीचें जड पाणी न वापरतां आर. ओ. यंत्राचें घ्यावें, त्या यंत्रांतून वायां जाणारें पाणी फरशी पुसण्यास व भांडीं विसळण्यास उपयोगीं लावावें. दुष्काळी टापूंत राहणाऱ्यानें हा विवेक सोडूं नये. पेटींतून रोज लिटर-दीड लिटर पाणी उडून जाईल. मीठ उडत नाहीं. म्हणून कांचेवर खूण करून रोजची घट गोड्या पाण्यानेंच भरावी. आठवड्याला बदललेलें खारें पाणी मात्र तुळशीला किंवा परसांत कधींही ओतूं नये. कृष्णाकांठच्या क्षारपड जमिनी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना ह्याचें कारण सांगावयास नको.

उन्हाळ्याची चिंता पुष्कळांना वाटते. ह्या जीवांना २४ ते २७ अंश सेल्सिअसची उष्णता मानवते, आणि आमचा वैशाख चाळिशीला टेकतो. परंतु माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें, त्याच कारणानें पेटीच्या पृष्ठावर लहान पंखा सोडला असतां पाणी कांहीं अंशांनीं थंड होतें. आमची हवा कोरडी असल्यानें हा उपाय येथें रत्नागिरीपेक्षां अधिक लागू पडतो. वीज जाते तेव्हां पाण्यांत हवा खेळती ठेवण्यासाठीं बॅटरीचा पंप हाताशीं असलाच पाहिजे.

ह्यापुढें काळ. खडक, वाळू आणि पाणी घालून पेटी चार ते सहा आठवडे माशांवांचून चालूं ठेवावी. माशांच्या मलांतून अमोनिया सुटतो आणि तो त्यांना विष आहे. सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करितात. नायट्रेट त्या मानानें सौम्य. हे जंतु खडकाच्या छिद्रांत वसावे म्हणून चिमूटभर मत्स्यान्न टाकून वाट पाहावी. दूध लावून ठेवलें म्हणजे विरजणाला जसा अवधि द्यावा लागतो, तसाच हा. घाई करणाऱ्याचे पहिले मासे बहुधा आठवड्यांत मरतात.

पोवळ्याविषयीं स्वतंत्र सांगितलें पाहिजे. संस्कृतांत 'प्रवाल' शब्दाचा अर्थ कोवळा अंकुर असाही आहे आणि पोवळें असाही. वस्तुतः तो अंकुर नसून सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतीनें रचलेला चुन्याचा सांगाडा होय. ह्या प्राण्यांच्या अंगांत शेवाळ राहतें आणि प्रकाशाच्या बळावर त्यांना अन्न पुरवितें. पाणी फार तापलें म्हणजे ही सोबत तुटते व पोवळें पांढरें पडतें. सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतीं अशीं पोवळीं आहेत. तो मालवणचा सागरी भाग १९८७ सालीं अभयारण्य ठरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं खडक रचणारीं पोवळीं, काळें पोवळें आणि समुद्रपंखा ह्यांचा समावेश झाला. म्हणून सहलीहून येतांना पोवळ्याचा तुकडा, मेलेला असला तरी, पिशवींत घालूं नये. आणि वास्तुदोषावर उपाय म्हणून विकलें जाणारें 'इंद्रजाल'ही घेऊं नये, कारण तेंही ह्याच जातींतलें असतें. आमच्या पेटींत चुनखडक आहे, पोवळें नाहीं.

राहतां राहिले मासे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश नवशिक्याला सोपा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें त्याची पैदास बंदिस्त पाण्यांत करून दाखविली आहे. तेव्हां समुद्रांतून धरलेला न घेतां असा पैदाशीचाच मागावा. येथें आमच्या घरांतून दोन प्रश्न आले, आणि ते दोन्ही शास्त्रापेक्षां जड निघाले. पहिला अन्नाचा: ह्या माशांच्या खाद्यांत कोळंबीचा अंश असतो, तो शाकाहारी घरांत कोठें ठेवावा? ठरलें तें असें कीं, कोरडें खाद्य बंद डब्यांत घडवंचीच्या खालच्या कप्प्यांत राहील, स्वयंपाकघरांत येणार नाहीं, आणि खाऊं घालणारा हात धुऊनच उठेल. दुसरा प्रश्न असा: चांगल्या निगेंत हा मासा वीस वर्षेंही जगूं शकतो, नातू तर तीन वर्षांत कॉलेजसाठीं पुण्यास जाईल, मग ह्याचें दाणापाणी कोणी पाहावें?

ह्या प्रश्नावर घर दोन दिवस गप्प होतें. अखेर धाकट्या सूनबाईंनीं घडवंचीवर टांगलेल्या वहींत नातवाच्या नांवाखालीं स्वतःचें नांव लिहिलें, आणि त्यानंतरच माशांसाठीं पैसे दिले गेले. वाचकांनींही पेटी घेण्यापूर्वीं असें दुसरें नांव लिहून घ्यावें. तें कोणी लिहीत नसेल, तर घडवंची वायां गेली असें समजूं नये. तिच्यावर पिण्याच्या पाण्याचा हंडा खुशाल ठेवावा.