होडी किती मोठी, पाणी किती दूर

शिडाची होडी घेण्याचा विचार मनात आला की प्रथम तिची लांबी पाहिली जाते. किंमतही बव्हंशी लांबीनुसारच वाढत असल्याने हिशेब तेथेच संपला, असा समज होतो. परंतु होडी ही तिजोरीत ठेवण्याची वस्तू नव्हे. वर्षभर जी पाण्याला लागली नाही, ती गोदामात पडून राहिलेल्या मालासारखीच. भाडे मात्र चालू राहते.

पुण्यातील एखादे कुटुंब धरावे. पानशेतचे पाणी सुमारे ४० कि.मी., मुंबईचा समुद्र १५० कि.मी. ‘जे-२४’ ही ७.३ मीटर लांबीची प्रसिद्ध होडी. वजन सुमारे १,४०० किलो आणि तळाशी जड, स्थिर पाते, त्यामुळे तिला सव्वा मीटरहून अधिक खोल पाणी हवे. ती उतरविण्यास क्रेन, ठेवण्यास जागा, सांभाळण्यास माणूस, हे सारे मुंबईतच शक्य. खाऱ्या पाण्यात तळाला शिंपले धरतात. ते खरवडून पुन्हा रंग द्यावा लागतो. पावसाळ्यात तर ती बाहेरच.

समजा, या सर्वाचा वार्षिक खर्च १,२०,००० रुपये आहे आणि वर्षातून १२ फेऱ्या होतात. म्हणजे प्रत्येक फेरीस १०,००० रुपये; प्रवास व टोल वेगळा. दुकान सांभाळणाऱ्या माणसाच्या १२ फेऱ्यांच्या पुढे ४च उरल्या, तर हाच आकडा ३०,००० होतो. खरेदीची किंमत यात धरलेलीच नाही.

लहान होडीला कमीपणा मानण्याचे कारण नाही. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ प्रकारात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. ती होडी जेमतेम ४.९३ मीटरची, रिकाम्या सांगाड्याचे वजन सुमारे ८० किलो. उन्हाळ्यात पानशेतचे पाणी उतरते आणि काठ लांबतो, तेव्हा १,४०० किलोपुढे माणसांचे काही चालत नाही. ८० किलो मात्र चौघे सहज उचलतात.

अर्थात फायरबॉल दोघांची आणि चपळ. वडीलधाऱ्यांना तीत बसविणे शहाणपणाचे नाही. सहकुटुंब फिरायचे असेल, तर ‘वेफेरर’ अधिक योग्य. इयान प्रॉक्टर यांनी १९५७ मध्ये आखलेली ही होडी ४.८२ मीटरची, सुमारे १७० किलोची. तीत तीन-चार जण निवांत बसतात आणि मोटारीमागे ट्रेलरवर ती नेता येते. स्थिर पाते नसल्याने ती उलटू शकते, म्हणून जीवरक्षक जाकीट प्रत्येकाने घालावेच.

धरणाच्या जलाशयात खासगी होडी नेण्यापूर्वी जलसंपदा विभागाच्या परवानगीची चौकशी आधी करावी. होडी दारात आल्यावर नव्हे. आणि सोसायटीच्या आवारात पाच मीटरचा ट्रेलर कोठे उभा राहणार, हेही सचिवांना त्याच आठवड्यात विचारून घ्यावे.