आमची क्रूझ कृष्णेवरच



चिक्कडपल्लीत राहून गर्दीची तक्रार करणं शोभत नाही. आरटीसी क्रॉस रोडला मोठ्या हिरोचा सिनेमा लागला की आमच्याच गल्लीत शिरायला आम्हाला वाट मिळत नाही. तरी या वेळी सुट्टी ठरवताना गर्दी हाच मुद्दा होता. बाबा एकाहत्तर वर्षांचे, दोन्ही कानांना यंत्र. चार माणसांत ते मस्त गप्पा मारतात. गलक्यात मात्र यंत्र सगळेच आवाज वाढवतं. मग ते यंत्र काढून खिशात टाकतात आणि दिवसभर गप्प बसतात.

लेकीला क्रूझच हवी होती. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या मोठ्या जहाजाची माहिती काढली. त्यात सुमारे १८०० प्रवासी मावतात. म्हणजे बेट कितीही शांत निवडा, गर्दी आपल्याच जहाजातून सोबत येणार! तेव्हापासून ठिकाण किती प्रसिद्ध आहे ते बघणं सोडलं; एका वेळी किती माणसं उतरतात तेवढंच बघू लागलो.

गोदावरीवरची पापिकोंडलूची सफर सुंदर, पण बायको नको म्हणाली. सप्टेंबर २०१९ मध्ये कचुलूरूजवळ पुराच्या पाण्यात पर्यटकांची बोट बुडाली, ते ती विसरलेली नाही. घरातलं एक माणूस जीव मुठीत धरून बसणार असेल तर सुट्टी कसली?

उरली कृष्णा. नागार्जुनसागर ते श्रीशैल अशी पर्यटन खात्याची लाँच आहे. शंभरावर किलोमीटर पाणी, पाच-सहा तास, दोन्हीकडे नल्लमलाचे डोंगर आणि जंगल. महाबळेश्वरला गोमुखातून पडताना पाहिलेली कृष्णा ती हीच, हे लेकीला अजून खरं वाटत नाही. शिवाजी महाराज १६७७ मध्ये गोवळकोंड्याला कुतुबशाहाची भेट घेऊन पुढे श्रीशैलला गेले, ती गोष्ट आजोबांनी तिला लाँचमध्ये सांगायची असं ठरलंय. सगळा खटाटोप खरं तर त्यासाठीच.

मुहूर्त मात्र नीट बघावा लागला. जलाशयात पाणी पुरेसं असेल तरच लाँच सुटते, म्हणून उन्हाळा बाद. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की अख्खं हैदराबाद तिकडे धावतं. कार्तिकात श्रीशैलला भाविकांची रीघ, त्यातून सोमवार म्हणजे विचारूच नका. म्हणून मार्गशीर्षातला बुधवार धरलाय. निघण्याआधी लाँच नक्की आहे ना, हे फोन करून विचारायचं; प्रवासी कमी असले तर फेरी रद्दही होते. कमी गर्दीची तेवढी किंमत!

परत मोटारीने. जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, त्यामुळे श्रीशैलला मुक्काम करून सकाळी निघायचं.

सगळं ऐकून बाबांनी एकच विचारलं, "लाँचच्या इंजिनाचा आवाज किती असतो रे?"

तेव्हा पुढच्या टोकाची जागा धरायला लेकीला सगळ्यांच्या आधी चढवणार आहे.